नऊशे नव्याण्णवचा पाऊस

जून लागला की मोबाइलवर जाहिरातींचं पीक येतं. ‘फक्त ९९९ रुपयांत मान्सून स्पेशल! प्रवास, नाश्ता, गावरान जेवण, फोटोग्राफी समाविष्ट.’ सोबत धुक्यातल्या वळणाचा फोटो. तो कुठला असतो देव जाणे. आमच्या कशेडी घाटातला नसतो हे खात्रीने सांगतो, कारण आमच्याकडे खरं धुकं उतरलं की फोटोत गाडीचं बॉनेटसुद्धा येत नाही.

मी घाटाच्या पोलादपूरकडच्या अंगाला राहतो. माझा नंबर कुणी कुणाला दिला कळायला मार्ग नाही, पण जुलैत फोन सुरू होतात.

“काका, घाट चालू आहे ना?”

“आत्ता चालू आहे.”

“मग उद्या पण असेल ना?”

“ते दरडीला विचारावं लागेल.”

समोरचा हसतो. त्याला वाटतं, कोकणी माणूस, तिरकस बोलायचाच. मी मात्र अगदी सरळ उत्तर दिलेलं असतं.

या ९९९ रुपयांचा हिशेब एकदा मांडूच. सतरा सीटची गाडी पूर्ण भरली तर हातात येतात १६,९८३ रुपये. त्यातून मुंबई ते पोलादपूर आणि परत एवढं गाडीभाडं, डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, सगळ्यांचा नाश्ता, जेवण, ‘लीडर’ म्हणवणाऱ्या पोराचे पैसे आणि शेवटी आयोजकाचा नफा. हे सगळं बसवायचं तर काही तरी कापावंच लागणार. मुक्काम कापतात, म्हणून प्रवास रात्रीचा. दुसरा चालक कापतात, म्हणून दिवसभर कंपनीची ने-आण करून आलेला माणूसच रात्री अकराला दादरहून निघतो आणि पहाटे डोळे चोळत घाट चढतो. गावातला वाटाड्या कापतात, कारण तो मजुरी मागतो आणि लीडरकडे मोबाइलवर वाट उतरवून घेतलेली असते. विमा तर बोलायलाच नको. आणि सगळ्यात आधी कापतात ती राखीव रक्कम, म्हणजे पाऊस वाढला, रस्ता अडला, तर कुठे तरी थांबायचे किंवा आल्या वाटेने परतायचे पैसे. ज्या सहलीला मागे फिरणं परवडत नाही ती सहल पुढेच जाणार, समोर काहीही असो.

समोर काय असतं ते आम्ही पाहिलं आहे. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट पुरात गेल्या. ती माणसं काही कुणाच्या स्वस्त सहलीला निघालेली नव्हती, रोजच्या मार्गावरच्या गाडीत बसली होती. काळोखात, पावसाच्या धारांत, पुढचा पूल जागेवर आहे की नाही हे चालकाला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मुक्कामाचे पैसे वाचवायला जुलैत रात्री निघणाऱ्यांनी एवढी एक रात्र तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरी तारीख २८ जुलै २०१८. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी पावसाळी सहलीसाठी महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात बस दरीत गेली. तीस माणसं गेली, एक वाचला. यात कुणी रील बनवणारं उनाड पोर नव्हतं. ज्यांना कोकणचा पाऊस पुस्तकात आणि शेतात दोन्हीकडे ठाऊक होता, अशी शहाणीसुरती माणसं होती. त्यांच्यावरही घाटाने दया केली नाही, तर आदल्या दिवशी ग्रुपवर नाव नोंदवलेल्यांवर का करावी? त्या दरीत दोर लावून उतरले ते महाबळेश्वरचे आणि महाडचे ट्रेकर. आपापले धंदे बंद ठेवून आलेली पोरं. त्यांचा दर कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो, कारण ती फुकट येतात. स्वस्त सहलीच्या हिशेबात कापलेला खर्च अखेर त्यांच्या खात्यावर पडतो.

तळियेचं नाव २२ जुलै २०२१ला सगळ्या देशाने ऐकलं. महाड तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं दगावली. त्याच पावसात आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी आल्या. महाड शहर पाण्यात, रस्त्यांवर माती. तळियेत बाहेरची पथकं पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. एका जेसीबीला एकाच वेळी दोन ठिकाणी जाता येत नाही, हे साधं गणित त्या दिवशी सगळ्यांना कळलं. म्हणून घाटात अडकलेली सतरा माणसांची गाडी हा फक्त त्या सतरा जणांचा प्रश्न नसतो. ती काढायला गेलेला जेसीबी तेवढा वेळ एखाद्या वाडीला मिळत नाही.

लीडरला यातलं काही सांगायला जावं तर तो मोबाइल पुढे करतो. “काका, ॲपवर बघा ना, पोलादपूरला लाइट रेन दाखवतंय.” अरे बाबा, पोलादपूरचा पाऊस बघून काय उपयोग? सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. २२ जुलै २०२१ला तिथे चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तेवढा कित्येक जिल्ह्यांना वर्षभरातही मिळत नाही. ते सगळं पाणी डोंगरउतारावरून खाली आमच्याकडे येतं. महाडला गांधारी आणि काळ येऊन मिळतात आणि बाणकोटच्या खाडीला भरती असली की पाण्याला पुढे जायला जागा राहत नाही. इथला म्हातारा माणूस आधी वरचा पाऊस विचारतो, मग भरतीची वेळ विचारतो, आणि मगच पायात चपला घालतो. ॲपवाला डोक्यावरचा ढग बघतो आणि भजी सांगतो.

कशेडीला आता बोगदा झाला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा घाट दहा मिनिटांत संपतो, चांगलंच आहे. पावसात बोगदा गळतो ते वेगळं. पण सहलवाल्यांना बोगदा नको असतो, त्यांना वळणं हवी असतात. मग गाडी जुन्या घाटात घालायची. तिथे भोगावजवळ रस्ता पावसाळ्यात खचत आला आहे, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. खडी ओतायची, रोलर फिरवायचा, कडेला दोन पिंपं उभी करून त्यांना लाल फडकं बांधायचं, हा आमच्या महामार्गाचा वार्षिक सोहळा. त्या पिंपांच्या पलीकडे उभं राहून, दरीकडे पाठ करून, हात पसरून फोटो काढणारे मी पाहिले आहेत. फडकं वाऱ्यावर छान उडतं म्हणे.

सरकारचंही कौतुक करायला हवं. भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब वाहून गेलं की चार दिवसांत धबधब्यांवर मनाईचे आदेश निघतात. ७ जुलै २०२४ला रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोंढे आले, पर्यटक अडकले, मग गड बंद. वरंधा घाटही पावसाळ्यात बंद करतात. आदेश निघतो, फलक लागतो, फलकाखाली कणसाची गाडी लागते. कणीस विकणारा आमचाच आणि डोंगर पोखरून त्यावर ‘व्ह्यू’वाली खोली बांधणाराही आमचाच. मुंबई-पुण्याला शिव्या देताना ते विसरून चालणार नाही. पण आयोजकाची साधी नोंदणी, गाडीमागे स्थानिक वाटाड्याची सक्ती, एवढं करायला कुणाचे हात बांधले आहेत?

हे अशक्य नाही. तिकडे पेरूमध्ये, अँडीज पर्वतात, माचू पिक्चूला पायी जाणारी इंका लोकांची जुनी वाट आहे. फेब्रुवारी हा तिथला भर पावसाचा महिना. दर वर्षी फेब्रुवारीत ती वाट बंद असते. डागडुजी करतात, डोंगराला विसावा देतात. एरवीही परवानाधारक वाटाड्याशिवाय आणि आधी काढलेल्या परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि हमालाने किती किलो उचलायचं याचाही नियम आहे. धडा त्यांनाही मिळालेला आहे. जानेवारी २०१०मध्ये उरुबांबा नदीच्या पुराने आणि दरडींनी रेल्वेमार्ग तोडला आणि हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. पावसाळ्यात तिकडेही खोल्या स्वस्त मिळतात, आणि आपली मंडळी बजेट जमवून जातातही. तिथे मुकाट परवाना काढतात, वाटाड्याचं ऐकतात, वाट बंद म्हटलं की बंद. तोच माणूस पोलादपूरला उतरला की विचारतो, “आपल्याच डोंगरावर कसली परवानगी?”

पैसे कमी आहेत म्हणून कुणी सह्याद्री पाहू नये, असं माझं म्हणणं नाही. गरिबाने बघावाच. एसटीने दिवसाउजेडी यावं, गावात कुणाकडे तरी उतरावं, पिठलं-भाकरी खावी, त्या घरातल्या पोराला वाट दाखवायची मजुरी द्यावी. सप्टेंबर सरताना आलात तर पाणीही असतं आणि डोंगरही थोडा ठिकाणावर आलेला असतो. हे ९९९पेक्षा फार महाग पडणार नाही. फक्त मधला दलाल उपाशी मरेल.

आणि जुलैतच, त्या गाडीनेच यायचं ठरलं असेल, तर पैसे भरण्याआधी आयोजकाला एक प्रश्न विचारा: पाऊस वाढला आणि गाडी अर्ध्यातून परत फिरवली, तर पैसे परत देणार का? तो ‘नाही’ म्हणाला, तर गाडी परत फिरणार नाही. घरीच थांबा.