परसबाग : ऊन तापण्याआधी

थंडी ओसरली, कडुनिंबाची पाने गळू लागली. परसबागेसाठी हे चार-पाच आठवडे फार मोलाचे असतात, आणि नेमके हेच आपण वाया घालवतो. विदर्भ-मराठवाड्यात मार्च सरता सरता पारा चाळिशीकडे जातो. मे महिन्यात रोप वाळले की आपण म्हणतो, "पाणी तर रोज घालत होते!" पाणी घातले असेलच, पण त्या रोपाची उन्हाळ्याची तयारी झालेली नव्हती.

आधी कुंड्या बघा. दोन-तीन वर्षांचे रोप कुंडीसकट आडवे करून थोपटा. मुळांचा वेटोळा निघाला, तर घातलेले पाणी मातीत थांबतच नाही, कडेने वाहून जाते. बाहेरची मुळे थोडी कापा आणि माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळून रोप पुन्हा लावा. आठवडाभर सावलीत ठेवा. हे काम मार्चच्या मध्यापर्यंत उरकले पाहिजे. त्यानंतर मुळे हलवली तर रोप सहसा सावरत नाही. गच्चीवरच्या कुंड्या थेट स्लॅबवर नकोत. खाली दोन विटा द्या, आणि सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते.

आता पाचोळा. सकाळी मोहल्ल्यात झाडलोट झाली की जागोजागी पाल्याचे ढीग पेटतात. धुराने लहान मुले खोकतात, म्हाताऱ्यांचा दमा वाढतो आणि बागेचे सोने राख होते. तोच पाला कुंडीत आणि वाफ्यात दोन-तीन बोटे जाड पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका. मातीवर ऊन थेट पडले नाही, की ओल कितीतरी जास्त टिकते. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या घरांना याची किंमत सांगायला नको. वजूचे पाणीही बिनसाबणाचे असते. वजूच्या जागी बादली किंवा पन्हळ लावून ते झाडांकडे वळवा. चार-पाच माणसांच्या घरात दिवसाकाठी बादलीहून जास्तच भरते. पाणी सकाळी आठच्या आत द्या. दुपारी टाकीचे तापलेले पाणी घालणे म्हणजे मुळे उकडणे.

वाफ्यात गळ्यापर्यंत मडके पुरून, पाण्याने भरून वर झाकणी ठेवली तर पाणी झिरपत मुळांपर्यंत पोचते. मात्र जुना, पाणी गार न करणारा माठ यासाठी घेऊ नका. त्याची छिद्रे बुजलेली असतात, झिरपणार काय? रंग न दिलेले लहान नवे मडके घ्या.

मोगऱ्याची छाटणी अजून केली नसेल, तर याच आठवड्यात करा. वाळक्या, काटकुळ्या फांद्या काढा, उरलेल्या साधारण निम्म्या छाटा, शेणखत घाला आणि मगच पाणी वाढवा. कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून इथे हात आखडू नका. गुलाबाचे मात्र उलटे आहे. त्याची मोठी छाटणी ऑक्टोबरची. आता फक्त सुकलेली फुले खुडायची. लिंबू फुलावर असेल तर पाण्यात खंड नको; एकदा कोरडे, एकदा तुडुंब असे झाले की फुले गळतात. मेंदीला ऊन मानवते, तिची काळजी करू नका.

भेंडी, गवार, काकडी, दोडका यांची पेरणी आताच. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरा, दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणी सुरू होते. पुदिना जमिनीलगत कापून टाका आणि मुळांसकट धावत्या फांद्या पसरट कुंडीत लावा. त्याला आणि कोथिंबिरीला दुपारची सावली हवीच. धणे चोळून दोन फाकी करून पेरा. उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते, म्हणून एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा.

जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. तो शेंडा तोडून पिशवीत बंद करा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, कारण ढेकणांची राखण मुंग्याच करतात. उरलेल्यासाठी पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा.

पाला उरलाच तर भोके पाडलेल्या जुन्या पिंपात एक थर पाल्याचा, एक थर भाजीच्या देठा-सालींचा, वर मूठभर माती, असे रचत जा. हाडे, मांसाचे तुकडे, तेलकट उष्टे त्यात नको. उंदीर-मांजरांचा उच्छाद होतो. ओलसर ठेवून आठवड्यातून एकदा खालीवर केलेत, तर आज लावलेले पिंप मृगाच्या पावसापर्यंत खताने भरलेले मिळेल.