दोन हजारांचा हप्ता आणि द्राक्षाची पेटी



कोरोनाची साथ ओसरून काही वर्षे लोटली. पण त्या वेळी सरकारनं शेतकऱ्याला नेमकं काय दिलं, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. तो मांडला पाहिजे. संकट काही सांगून येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली.

दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारनं जाहीर केलं, की किसान सन्मान योजनेचे दोन हजार रुपये एप्रिलमध्येच ८ कोटी ६९ लाख शेतकऱ्यांच्या खात्यावर जमा होतील. खिसा रिकामा असताना ते पैसे उपयोगी पडले, हे आम्ही नाकारत नाही. पण ती जादा मदत नव्हती. वर्षाच्या सहा हजारांतला आपल्या हक्काचाच हप्ता लवकर मिळाला, इतकंच. उसाची पहिली उचल महिनाभर आधी दिली म्हणून तिला कुणी बोनस म्हणतं का?

शिवाय रक्कम सर्वांना सारखीच. ज्याचा माल सुखरूप विकला गेला त्याला दोन हजार, आणि तासगाव-पलूसकडं ज्याच्या बागेत व्यापारी फिरकलाच नाही त्यालाही दोन हजार. महाबळेश्वरात पर्यटक बंद झाले आणि स्ट्रॉबेरी शेतात राहिली, त्यालाही तेवढेच. जो दुसऱ्याचं रान वाट्यानं करतो त्याला तर तेही नाहीत, कारण उताऱ्यावर नाव नाही. पुष्कळ बागायतदारांनी नाइलाजानं बेदाणा केला. चार किलो द्राक्षं सुकवावी तेव्हा कुठं किलोभर बेदाणा पडतो. वर औषध आणि मजुरी वेगळीच.

उसाचं तसं झालं नाही. टाळेबंदीतही साखर कारखान्यांना चालू राहण्याची मुभा होती. टनाटनाची काटापावती सभासदाच्या हातात असते. द्राक्षाचा सौदा मात्र बांधावर, तोंडी होतो. उद्या सरकार भरपाई द्यायला निघालं, तरी बागायतदार कागद कोणता दाखवणार?

अमेरिकेत २०२० च्या दुसऱ्या फेरीतली फळपिकांची मदत २०१९ सालच्या विक्रीवरून ठरवली गेली. तिथलं सगळंच चांगलं असं आमचं म्हणणं नाही. पण विक्रीची नोंद होती म्हणून मोजमाप करता आलं, एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याकडं २०२३ मध्ये राज्यानंही सहा हजारांची भर घातली. चांगलं झालं, पण तीही सरसकटच.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे. हप्ता हा हप्ता आणि नुकसानभरपाई ही नुकसानभरपाई; एकाच्या नावावर दुसरी खपवू नये. संकटाची मदत पीक, क्षेत्र आणि नुकसान पाहून द्यावी, आणि प्रत्यक्ष कसणाऱ्यालाही द्यावी.

मात्र निम्मं काम आपलंच आहे. ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर ई-पीक पाहणी करता येते. ती वेळेवर करा. उसाबरोबर ज्यांची बाग आहे त्यांनी व्यापाऱ्याकडून लेखी पावती घेतल्याशिवाय पेटी गाडीत चढवू नये. आणि उसासाठी आपल्या वाडवडिलांनी जशी एकजूट केली, तशी द्राक्षासाठी गावोगाव का होऊ नये? एकट्या बागायतदाराच्या दारात व्यापारी भाव पाडतो. शंभर जणांच्या काट्यावर त्याला मोजून घ्यावं लागतं, आणि सरकारलाही मग मोजूनच द्यावं लागेल.