मागून हाक नको

चतुर्थी आता चार दिवसांवर आली आहे. मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे येथील घरांतून सामानाची बांधाबांध सुरू झाली असून येत्या दोन-तीन रात्री कोकणच्या वाटेवर दिव्यांची अखंड रांग लागेल. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा रस्त्यावरील भार हलका होईल अशी अनेकांची अपेक्षा होती. रेल्वे तर भरभरून जातेच. पण मधल्या काळात घरोघरी स्वतःची मोटारही आली. पूर्वीचा चाकरमानी एस. टी.च्या बाकावर मान टाकून निश्चिंत झोपत असे. वाटेची काळजी अनुभवी ड्रायव्हर वाहत असे. आज तोच चाकरमानी दिवसभराची नोकरी उरकून रात्री नऊ वाजता स्वतः चाक हाती घेतो, आणि मागे आईवडील, मुलेबाळे, पुष्कळदा प्रत्यक्ष श्रींची मूर्तीही असते. ही जबाबदारी लहान नव्हे.

आपल्याकडे प्रवासाला निघणाऱ्यासंबंधी काही संकेत फार जुने आहेत. ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे. हातावर दही घ्यावे, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार करावा. मुहूर्ताला निघणे शक्य नसेल तर तांदूळ-सुपारीचे गाठोडे शेजारी नेऊन ‘प्रस्थान’ ठेवावे. निघणाऱ्यास तोंडावर ‘कुठे’ असे विचारू नये, आणि त्याने उंबरठा ओलांडला की मागून हाक मारू नये. यांतील शकुन-अपशकुनाचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावा. त्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु मागून हाक न मारण्याच्या या संकेतात आम्हांस मोठे शहाणपण दिसते. जे सांगावयाचे, द्यावयाचे, विचारावयाचे ते माणूस घरात आहे तोवर उरकावे. एकदा पाऊल बाहेर पडले की त्याचे चित्त वाटेवर असावे.

आज उंबरठ्यावरून कोणी हाक मारीत नाही. हाक येते ती वडखळ मागे पडल्यावर, पावसाच्या सरी झोडपत असताना, खिशातून नाहीतर डॅशबोर्डावरून. आणि ती मारणारा परका नसतो. गावी आई जागी असते; ‘कुठे पोहोचलास?’ असे ती विचारते. थोरला भाऊ मखराच्या दिव्यांची माळ घेतली का म्हणून विचारतो. मामी केवड्याची आठवण करून देतात. प्रत्येक प्रश्न मायेचा, आणि प्रत्येक प्रश्न आदल्या दिवशी विचारता आला असता असा. जो ‘कुठे’ आपल्या वाडवडिलांनी निषिद्ध मानला, तोच आपण रात्रभर दर तासाला विचारीत असतो.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक पुढे जाते. फोन कोणाचा, निरोप काय, हे पाहण्यात पाच सेकंद गेले तर ८० मीटरहून अधिक रस्ता न पाहता तोडला जातो. रात्री खाली केलेल्या दिव्यांचा झोतही इतका लांब पोहोचत नाही. गाडी चालविताना फोन वापरणाऱ्यास अपघाताचा संभव सुमारे चौपट असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानात यंत्र घालून बोलले की हात मोकळे राहतात, मग दोष कसला, असे काहीजण म्हणतात. हात मोकळे राहतात. मन मोकळे राहत नाही. शेजारी बसलेला माणूस वळण आले की आपोआप गप्प होतो, कारण त्यालाही ते दिसते. गावाहून बोलणाऱ्याला ते वळण दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो.

हे घडते तेव्हा केवढे मोल द्यावे लागते, ते आकडे सांगतात. केंद्र सरकारच्या नोंदीनुसार एकट्या २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील सर्वच अनवधानाचे बळी नव्हेत. परंतु अनवधान हे टाळता येण्याजोगे कारण आहे, एवढे निश्चित. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने हातात फोन धरून गाडी चालविणे धोकादायक चालविण्यात गणले असून पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रस्ता सुधारल्याने धोका संपतो असेही नाही. कशेडीचा घाट टाळणारा बोगदा २०२३ साली प्रथम खुला झाला, पुष्कळ ठिकाणी रस्ता रुंदावला; पण रस्ता सोपा वाटू लागला की लक्ष सैलावते, हा अनुभव सर्वांचाच आहे.

उपाय शोधण्यासाठी दूर जावयास नको. चतुर्थीच्या पूजेला यजमान कसा बसतो ते पाहावे. दूर्वांच्या जुड्या बांधलेल्या, पत्री निवडलेली, समईत तेल, निरांजनात वात, पंचामृताची वाटी झाकलेली, तांब्या-पळी-ताम्हन हाताशी. हे सारे मांडून झाल्यावर मग आचमन आणि संकल्प. मधेच उठून काडेपेटी शोधणारा यजमान दिसला की गुरुजींच्या कपाळाला आठी पडते, आणि ती योग्यच असते. चालकाचे आसनही तसेच समजावे. ज्ञानेश्वर महाराजांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांजवळ जे मागितले, ते अवधान त्या आसनावर बसणाऱ्याने द्यावयाचे असते, आणि त्याची तयारी गाडी सुरू होण्यापूर्वी व्हावयास हवी.

पहिली तयारी झोपेची. दिवसभर राबून रात्री निघण्यापेक्षा चार-पाच तास झोपून पहाटे निघालेले बरे. त्यासाठी रजा अर्धा दिवस वाढवावी लागली तरी वाढवावी. मग फोनाचा कारभारी ठरवावा. चालकाचा फोन आवाज बंद करून दुसऱ्या कोणाकडे द्यावा, आणि येईल त्या फोनाला त्यानेच उत्तर द्यावे. वाटेचा नकाशा घरीच पाहून ठेवावा. २०२० पासून नियमांनी केवळ मार्ग पाहण्यापुरती फोनाची मुभा दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. तेव्हा तो बसवावयाचा तो आधीच घट्ट बसवावा. आरत्या-भजने ऐकावयाची तर क्रम घरी लावून घ्यावा, कारण ऐकण्यापेक्षा शोधण्यातच नजर अधिक अडकते. आरसे, आसन, चष्मा, फास्टॅगमधील शिल्लक या गोष्टी पाहावयास पाच मिनिटे पुरतात.

मुलांची तयारी मात्र आईआजीने करावी. घाटात मुलांना मळमळते, हे ठाऊक असूनही पिशवी आणि पाण्याची बाटली सामानाच्या तळाशी जाते, आणि मग चालकच मान मागे वळवून विचारू लागतो. पेणहून वा अन्य कोठून मूर्ती घेतली असेल, तर ती मागच्या बाजूस चहूंकडून कपड्यांचे आधार देऊन हलणार नाही अशी ठेवावी. पुढे ठेवलेल्या मूर्तीकडे चालकाचे डोळे सारखे वळतात. त्यात भक्ती असते, पण त्या क्षणी रस्ता सुटतो. आरशाला लोंबकळणारे हार आणि डॅशबोर्डावरील फुलांची आरास यांविषयीही आम्ही स्पष्टच सांगू: पूजा करून झाली की ती काढून ठेवावीत. काच स्वच्छ दिसली पाहिजे.

गावच्या घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. निघण्यापूर्वी एकदाच सविस्तर बोलावे आणि मुक्काम ठरवून घ्यावेत. महाड, चिपळूण, हातखंबा अशी विश्रांतीची ठिकाणे पक्की करावीत, आणि गाडी तेथे उभी राहिल्यावर खुशाली त्यांनीच कळवावी. चिपळूणचा फोन सातला यावयाचा तो साडेआठला आला, तर वाटेत कोंडी असेल किंवा पाऊस असेल असे समजावे आणि धीर धरावा. उलट फोन करू नये. चहाचे आधण गाडी अंगणात लागल्यावर ठेवले तरी चालते.