निवाड्यापूर्वीचे पाहणे

कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलविषयी आपल्याकडे बहुधा दोनच प्रकारे बोलले जाते. प्रवासवर्णनकार भव्यतेने दिपून जातो. समीक्षक ‘वसाहतवादी अनुकृती’ एवढे म्हणून पाठ फिरवतो. पहिल्याचा भाबडेपणा निरुपद्रवी आहे. दुसऱ्याची घाई मात्र समीक्षेचीच हानी करते. कारण ज्या वस्तूवर निवाडा द्यायचा, ती त्याने पाहिलेलीच नसते.

बिशप डॅनियल विल्सन यांच्या पुढाकाराने १८३९ मध्ये या वास्तूची पायाभरणी झाली व १८४७ मध्ये ती उपासनेसाठी अर्पण झाली. आराखडा लष्करी अभियंता विल्यम नेर्न फोर्ब्स यांचा. शैली गॉथिक, हे खरेच. परंतु बंगालच्या हवेने आणि भूमीने त्या शैलीला स्वस्थ बसू दिले नाही. छतापासून लांब दांड्यांनी लोंबणारे पंखे उष्म्याची साक्ष देतात. १८६४ च्या चक्रीवादळात पूर्वेच्या खिडकीची चित्रित काच नष्ट झाली. १८९७ च्या भूकंपाने शिखराला तडाखा दिला आणि १९३४ च्या भूकंपाने ते पाडले. आजचा मनोरा त्यानंतरचा, कँटरबरीच्या ‘बेल हॅरी’ मनोऱ्याच्या धर्तीवरचा. अनुकरण आहे, तथापि ते कोणत्या आपत्तीनंतर, कशाच्या जागी आले, हे न सांगणे म्हणजे विवेचनाऐवजी विशेषण वापरणे होय.

पश्चिमेची खिडकी तर अधिक कठीण प्रश्न विचारते. एडवर्ड बर्न-जोन्स यांची ही १८८० मधील काचचित्रे लॉर्ड मेयो यांचे स्मारक आहेत. १८७२ मध्ये पोर्ट ब्लेअर येथे शेर अली आफ्रिदी या बंदिवानाने मेयोंची हत्या केली. काचेतून झिरपणारा प्रकाश मोहक आहे. ज्या बंदिवसाहतीत ही हत्या घडली, तिची स्मृती मात्र त्या प्रकाशात नाही. सौंदर्यामुळे सत्ता निर्दोष ठरत नाही, आणि सत्तेचे नाव घेतल्याने सौंदर्याचा उलगडा होत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र पेलणे हेच समीक्षेचे काम.

परक्यांच्या वास्तूची एवढी चिकित्सा कशाला, असा आक्षेप येईल. पण १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे हे कॅथीड्रल आहे. येथे प्रार्थना करणारे आपलेच देशबांधव आहेत. वास्तूला सरसकट परकी म्हणताना आपण त्यांनाही परके ठरवतो. देशीयतेची कसोटी इतकी आखूड असेल, तर दोष वास्तूचा नव्हे, कसोटीचा आहे.