आधी माप घ्या, मग काठी आणा

ज्वारीची काढणी उरकली, कडबा रचून झाला. आता जरा उसंत आहे म्हणून आज पिकाचं सोडून घरातलं लिहितो. म्हाताऱ्या माणसाला घरात आपलं आपण वावरता यावं म्हणून साध्या वस्तू लागतात. काठी, वॉकर, कमोडची खुर्ची, मोरीत धरायला दांडी, त्यांच्याबद्दल. माझं मत स्पष्ट आहे. या वस्तू आपण फार उशिरा आणतो, आणि आणतो तेव्हा माप न घेता आणतो. मग त्या आठ दिवसांत दाराआड जाऊन पडतात आणि आपण म्हणतो, म्हाताऱ्याला सवयच नाही.

खुरपं घेताना आपण मूठ हातात धरून बघतो. बायकांच्या हाताचं खुरपं वेगळं, गड्याचं वेगळं. वैभव विळा निघाला, दापोलीच्या विद्यापीठानं आंबा उतरवायला नूतन झेला काढला, ते कशासाठी? काम करणाऱ्याच्या अंगाला त्रास कमी व्हावा म्हणूनच ना? शेतातल्या अवजाराला आपण एवढा विचार करतो. घरातल्या काठीला मात्र तालुक्याला गेलो, दुकानात दिसली, घेतली.

पुष्कळ जण म्हणतात, "करायला घरात माणसं हायत की, वस्तू कशाला?" आहेत माणसं, नाही कोण म्हणतंय. पण दिवसा ती माणसं रानात असतात आणि रात्री दमून झोपलेली असतात. आमची आई अठ्ठ्याहत्तरची. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळींच्या ध्यानात आलं की आई दिवस मावळल्यावर पाणीच पीत नाही. विचारलं तर म्हणाली, "रातच्याला लघवीला उठावं लागतं, तुमास्नी कशाला हाक मारू?" बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि घरातलं माणूस दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून तहान मारतंय. पाणी कमी पडलं की चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते, चक्कर आली की पडणं होतं, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस कितीदा तरी पुन्हा पहिल्यासारखं उठतच नाही. खाटेजवळ कमोडची खुर्ची आणि पायाजवळ एक सोलर दिवा, एवढ्यावर आईचं पाणी पिणं सुरू झालं. म्हणून मी या वस्तूंना सोय म्हणत नाही, गरज म्हणतो.

आता मापाचं बघू. काठीसाठी माणसाला रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात खाली मोकळा सोडायला सांगा. मनगटाची घडी जिथं येते तिथं काठीची मूठ आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहतं. काठी लांब झाली तर खांदा वर उचलतो, आखूड झाली तर माणूस वाकून चालतं आणि कंबर धरते. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण करून बघा. काठीच्या टोकाचं रबर झिजलं की लगेच बदला, गुळगुळीत रबर ओल्या शहाबादी फरशीवर सटकतं.

वॉकरचंही माप तेच. आमच्या भावकीतल्या चुलत्यांना एका शिबिरात वॉकर मिळाला. फोटो काढले, हार घातले, घरी पाठवून दिलं. ते महिनाभर त्याच्यावर ओणवं होऊन चालत होते. पायांना बटणं असतात, ती दाबून उंची वाढवता येते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. चारही पाय दोन-दोन भोकं वर घेतले आणि माणूस ताठ झालं. दोन मिनिटांचं काम होतं.

माणसाच्या मापानंतर घराचं माप. चाकाची खुर्ची आणायच्या आधी दाराची रुंदी टेपनं मोजा. आपल्याकडं उंबरा उंच, मोरीचं दार अरुंद. खुर्ची आत जातच नाही आणि मग अंगणात कोंबड्या तिच्यावर बसतात. खाटेवर बसल्यावर पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात राहिला पाहिजे. झोळ पडलेल्या बाजेवरून उठायला तर धडधाकट माणसालाही जोर लावावा लागतो. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची खुर्ची घेताना तिचे चारही पाय सपाट जागेवर बसतात का, ते आधी मोजून बघा. एक पाय उतारावर आला की ती डुगडुगते.

संडासचं दार आत उघडणारं असेल तर ते बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत पडलं आणि दाराला अडकलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. कडीही बाहेरून काढता येईल अशी ठेवा. सुताराचं तासाभराचं काम आहे.

धरायच्या दांडीला जुन्या जीआय पाईपचा तुकडा चालतो, तो आपल्यापैकी बहुतेकांच्या गोठ्यात पडलेला असतो. पण मातीच्या भिंतीत खिळ्यानं दांडी ठोकू नका. ओढ बसली की भिंतीसकट निघते. भिंत कच्ची असेल तर पाईप जमिनीत काँक्रीट करून उभा गाडा. कुठं गाडायचा? माणसाला तिथं बसवा, उठताना त्याचा हात आपोआप कुठं जातो ते बघा आणि तिथं खडूनं खूण करा.

घरच्या घरी जमतं ते जरूर करा. बोटं आखडली असतील तर चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवा, धुताना काढून ठेवा. गोल चकतीचा नळ पिळवत नाही, तिथं लिव्हरचा बसवा. मोठ्या हंड्याऐवजी हाताशी लहान कळशी ठेवा. पण ज्याच्यावर अंगाचा भार पडणार ते जुगाड नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधे भोक पाडून कमोड करतात. ते बघून मला धडकी भरते, कारण भोक पाडलं की खुर्चीचा जोर गेला, पाय फाकतात आणि माणूस खाली. तयार कमोड खुर्ची घ्या, एक औषधाची फवारणी कमी म्हणा हवं तर.

पैशाची बाजूही सांगतो. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 साली आली. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर अशा वस्तूंसाठी एकदाच 3000 रुपये आधार जोडलेल्या खात्यात देण्याची ती योजना. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासूनची, तिच्यात शिबिरं भरवून वस्तूच देतात. अपंगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर दिव्यांगांच्या योजना वेगळ्या, आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, यंदा त्यातून काय घेतलं?

योजना वाईट नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की खात्यात पैसे आले की ते किराण्यात आणि गोळ्यांत जातात, त्यात त्या घराचा काय दोष? समोर गरज उभी असते. आणि शिबिरात वस्तू मिळते, पण घर बघायला कुणी येत नाही. मधली कडीच नाही. ठिबक संच देताना आपण शेताचं मोजमाप करतो, नकाशा काढतो, पाण्याचा दाब बघतो, नंतर जोडणी करून देतो. मग म्हाताऱ्या माणसाला वॉकर देताना घराचं मोजमाप का नको?

ही कडी गावातच तयार होऊ शकते. आशाताई घरोघर जातातच, पण सगळं ओझं त्यांच्यावर नको, त्यांचं मानधन किती ते आपल्याला माहीत आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी बी-बियाण्यासारखी काठी, वॉकर, कमोड खुर्चीची एकत्र मागणी काढावी आणि तालुक्याच्या फिजिओथेरपिस्टला एक दिवस गावात बोलवावं. कृषी विभागातले आणि विद्यापीठातले जे साहेब, मॅडम हे वाचतात त्यांना विनंती, मेळाव्यात पंपाच्या आणि कोळपणी यंत्राच्या शेजारी या वस्तूंचाही एक स्टॉल लावू द्या. शेतकरी तिथं हात लावून, धरून, बसून बघतो, आणि बघितल्याशिवाय तो घेत नाही.

पेरणीला अजून वेळ आहे. या आठवड्यात टेप घ्या, घरातल्या थोरल्या माणसाला सोबत घ्या आणि खाटेपासून संडासापर्यंत चालत जा. ते कुठं थांबतात, कुठं भिंत धरतात, एवढं लिहून काढा. आणि काय हवं ते आधी त्यांनाच विचारा, काठी त्यांना धरायची आहे.