सोलार बसवलं, पण झाकण उघडंच!

'छतावर सोलार बसवलं की झालं, कंपनी ग्रीन!' कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. पण त्या छताखाली वीज कशी वापरली जाते, हे आपण कधी विचारतो का?

कोल्हापूरचंच घ्या. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कितीतरी फाउंड्री आहेत. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. भट्टी नीट चालवली तर कमी, हयगय केली तर जास्त. ही हयगय होते कुठे? भट्टीचं झाकण उघडं राहतं आणि उष्णता उडून जाते. साचे तयार नसतात, म्हणून वितळलेलं लोखंड नुसतं तापत ठेवावं लागतं. कास्टिंग रिजेक्ट झालं की तेच लोखंड पुन्हा भट्टीत. म्हणजे एकाच नगासाठी वीज दोनदा!

आता जरा गणित करूया. धरा, एक फाउंड्री रोज १० टन लोखंड वितळवते. टनामागे ५० युनिट वाचले, तर दिवसाला ५०० आणि ३०० दिवसांत दीड लाख युनिट. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाचे १२ लाख रुपये. शिवाय आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला शंभर टनांहून जास्त वाचला. माल तेवढाच, वीज कमी. ऊर्जा उत्पादकता म्हणतात ती हीच.

मग मालक हे करत का नाहीत? वीजबिल अख्ख्या कारखान्याचं एकच येतं आणि अकाउंट्सच्या फायलीत जातं. झाकण मात्र भट्टीवरच्या माणसाच्या हातात. दोष त्याच्यावर ढकलणं सोपं आहे, पण त्याला मीटरच दाखवला नाही तर तो वाचवणार काय? केंद्राच्या 'पॅट' योजनेने २०१२ पासून सिमेंट, पोलाद अशा क्षेत्रांतल्या मोठ्या कारखान्यांना ऊर्जा बचतीची टार्गेट्स दिली. छोट्या फाउंड्रीला असं विचारणारं कुणी नाही.

सोलार नको, असं मुळीच नाही. हवंच आहे. पण रात्रपाळीला भट्टी पेटलेली असते, तेव्हा छतावरचं सोलार झोपलेलं असतं. आणि घागर गळकी असेल तर नळ कितीही चांगला असून उपयोग काय?

इथे तुमचं काम सुरू होतं. इंजिनीअरिंगवाल्यांनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी एखाद्या भट्टीची महिनाभराची रीडिंग्ज घ्या. कॉमर्सवाल्यांनो, त्यावरून टनामागचा वीजखर्च काढून मालकासमोर ठेवा. आणि हो, तो कागद भट्टीजवळही लावा.

राहिलो आम्ही मास कॉमवाले. सोलारच्या उद्घाटनाला फीत कापतानाचा फोटो आम्ही हौसेने काढतो. पुढच्या वेळी तिथे एवढंच विचारूया, 'साहेब, एक टन मालाला किती युनिट लागतात?' उत्तर मिळालं नाही, तर खरी बातमी तीच.