साप्ताहिक सुटी आणि प्रणालींतील छुपे अवलंबन

संयुक्त अरब अमिरातीच्या केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केले की, १ जानेवारी २०२२ पासून सरकारी दफ्तरांची साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारी राहील आणि शुक्रवारी काम दुपारी बारापर्यंतच चालेल. या निर्णयाच्या व्यापारी औचित्याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु चार आठवड्यांहूनही कमी मुदतीत हजेरी, रजा व पगाराच्या संगणकप्रणाली ज्यांना दुरुस्त कराव्या लागल्या, त्या देखभालीच्या माणसांची, ज्यांत आपली मराठी मंडळीही आहेत, दखल फारशी घेतली गेली नाही.

एक्सेलमध्ये कामाचे दिवस मोजणाऱ्या सूत्रात शुक्रवार-शनिवारच्या सुटीचा संकेतांक ७ आहे, शनिवार-रविवारचा १. हा ७ एकाने रजेच्या तक्त्यात लिहिला, दुसऱ्याने जादा कामाच्या हिशेबात, आणि दोहोंत परस्परांचा उल्लेखही नसला, तरी दोन्ही तक्ते एकाच गृहीतकाला बांधलेले असतात. एक सुधारून दुसरा राहिला, तर सूत्र कुरकुर न करता चुकीचा आकडा देत राहते आणि भुर्दंड बसतो तो एखाद्या कामगाराच्या पगाराला.

असे अवलंबन केवळ आज्ञावली वाचून क्वचितच सापडते; ते दुरुस्त्यांच्या इतिहासात शोधावे लागते. गाल, हायेक आणि जझायेरी या संशोधकांनी १९९८ मध्ये एका दूरसंचार प्रणालीच्या २० आवृत्त्या तपासून, जे भाग वारंवार बरोबरीने बदलतात त्यांच्यातील छुपा संबंध हुडकण्याची रीत मांडली. रजेच्या तक्त्यातील दहा दुरुस्त्यांपैकी आठ वेळा पगारपत्रकही बदलावे लागले असेल, तर तो संबंध योगायोगाचा मानणे धाडसाचे ठरेल. मात्र हा आकडा निकाल नव्हे, तेथून चौकशी सुरू व्हावी. अमिरातीत तर २००६ मध्येही सुटी गुरुवार-शुक्रवारवरून शुक्रवार-शनिवारवर आली होती, आणि त्या वेळच्या दुरुस्त्यांची नोंद ज्यांनी जपली असेल, त्यांच्या हाती २०२१ मध्ये आयता नकाशाच असणार.

सर्वत्र ७ खोडून १ लिहिणे हा उपाय नव्हे. याच अमिरातींपैकी शारजाने शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुटी मुक्रर केली. तेव्हा दुबई आणि शारजा या दोन्ही ठिकाणी शाखा असणाऱ्या पेढीला सुटीचा नियम एकाच जागी, अमिरातनिहाय ठेवावा लागतो, आणि त्यासाठी तो कोणकोणत्या भागांत विखुरला आहे हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणून देखभालीच्या करारांचे नूतनीकरण करताना मालकांनी, किती तक्रारी मिटवल्या एवढेच न विचारता, बरोबरीने बदलणाऱ्या भागांची मोजणी दरसाल मागावी आणि त्या कामाचा स्वतंत्र मोबदला करारातच नमूद करावा.